सही सोमवारी नको, आधी दोन करार वेगळे करून घ्या

पत्र:

मी पंधरा-सोळा वर्षं डबिंग आणि व्हॉइसओव्हर करते. मालिका, कार्टून, माहितीपट, कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ, सगळं. गेल्या दोनेक वर्षांत ट्रेनिंगच्या व्हिडिओंचं काम जवळजवळ थांबलं. आता ज्या स्टुडिओत माझं सर्वांत जास्त काम चालतं, त्यांनी नवा करार पाठवलाय. माझं रेकॉर्डिंग 'आज ज्ञात असलेल्या किंवा पुढे विकसित होणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञानाद्वारे, कायमस्वरूपी, कोणत्याही भाषेत व माध्यमात' वापरण्याचा हक्क त्यांना राहील, असं एक कलम त्यात आहे. सोबत तीन तासांचं वेगळं रेकॉर्डिंग हवंय. त्यात सीन नाही, पात्र नाही. सुटी वाक्यं आहेत. तीच वाक्यं आनंदात, रागात, कुजबुजत, रडत म्हणायची. पैसे नेहमीपेक्षा बरे आहेत. तिथली कोऑर्डिनेटर म्हणते, 'ताई, सगळे सही करतायत, तुमचीच राहिलीय.' नाही म्हटलं तर हातचं काम जाईल, हो म्हटलं तर कदाचित पुढचं सगळंच. नवरा म्हणतो, कर सही, आवाज चोरायचाच असेल तर ते तसाही चोरतील. त्यात माझी पुतणी याच क्षेत्रात यायचं म्हणतेय. तिला काय सांगू? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

एक डबिंग कलाकार

उत्तर:

नमस्कार.

सोमवार जवळ आहे, म्हणून काय करायचं ते आधी सांगते आणि कारणं मागाहून. हा करार आहे तसा सही करू नका. 'नाही' असंही कळवू नका. डबिंगच्या कामाचा एक करार आणि त्या तीन तासांच्या रेकॉर्डिंगचा दुसरा, असे दोन वेगळे कागद लेखी मागा. पहिल्यातलं ते कलम बदललं की त्यावर सही करायला हरकत नाही. दुसऱ्याच्या अटी ठरल्याशिवाय मात्र त्या रेकॉर्डिंगसाठी बूथमध्ये पाऊल टाकू नका.

त्या तीन तासांत तुमच्याकडून जे मागितलंय ते डबिंग नाहीच. डबिंगमध्ये समोर चित्र असतं, आधीचा आणि नंतरचा संवाद असतो, रिकॉर्डिस्टच्या बाजूला बसलेला दिग्दर्शक 'जरा कमी करा' म्हणणारा असतो. इथे नुसती सुटी वाक्यं आहेत, आणि एकच वाक्य चार-पाच भावांत. अशी यादी करणाऱ्याला भाषेतले सगळे ध्वनी, त्यांच्या आजूबाजूला येणारे ध्वनी आणि सगळे चढउतार एकाच गळ्यातून स्वच्छ रेकॉर्ड करून हवे असतात. आवाजाचं मॉडेल, म्हणजे माणसाचा आवाज शिकून तसंच बोलणारा संगणकाचा प्रोग्राम, शिकवायला हाच कच्चा माल लागतो. मॉडेल तयार झालं की तुम्ही कधीही न उच्चारलेलं वाक्य तुमच्या आवाजात निघू शकतं. करारात 'कोणत्याही भाषेत' असं लिहिलंय, म्हणजे तुम्हाला न येणाऱ्या भाषेतसुद्धा. कलम आणि रेकॉर्डिंगची मागणी शेजारी ठेवून वाचली की मला तरी दुसरा अर्थ लागत नाही. मी लावते तो अर्थ चुकीचा असेल, तर 'या रेकॉर्डिंगचा वापर आवाजाचं मॉडेल तयार करण्यासाठी होणार नाही' एवढं एक वाक्य लिहून द्यायला स्टुडिओला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

तुमच्या यजमानांचं म्हणणं तंत्राच्या दृष्टीने खोटं नाही. पूर्वी यंत्राकडून बोलवून घ्यायचं तर कलाकाराचं कित्येक तासांचं रेकॉर्डिंग लागायचं, त्याचे तुकडे करून जोडायचे, आणि ऐकताना सांधे कळायचे. २०१६ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीने वेव्हनेट नावाचं मॉडेल जाहीर केलं आणि तुकडे जोडण्याऐवजी ध्वनिलहरीच नव्याने रचायची पद्धत पुढे आली. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी व्हॅल-ई नावाचं मॉडेल मांडलं. एखाद्या आवाजाची नक्कल करायला त्याला तीन सेकंदांचा नमुना पुरतो, असा त्यांचा दावा होता. तुमच्या आवाजाचे तर कित्येक तास आधीपासूनच सगळीकडे उपलब्ध आहेत.

मग स्टुडिओ तीन तासांचे बरे पैसे का मोजतोय? एक कारण कामाच्या दर्जाचं आहे. तीन सेकंदांत आवाजाचा पोत मिळतो. तुमचं हसणं, लागलेली धाप, आवंढा गिळून बोलणं त्यात मिळत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आवाज त्यांना तुमच्याशिवायही मिळवता येईल, पण परवानगी तुमच्याशिवाय मिळणार नाही. परवानगी नसलेला आवाज कोणतीही मोठी वाहिनी किंवा प्लॅटफॉर्म उद्या कोर्टात अडकायच्या भीतीने घेणार नाही. त्या तीन तासांमागे त्यांना खरी हवी आहे ती तुमची सही, आणि म्हणून ती फुकटात द्यायची नाही.

ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत एका मोटार कंपनीच्या जाहिरातीत बेट मिडलर या गायिकेने गायला नकार दिल्यावर तिच्यासारखं गाणाऱ्या दुसऱ्या गायिकेकडून काम करून घेतलं होतं. १९८८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ही मिडलरच्या ओळखीची चोरी ठरू शकते असं मानलं. तेव्हा संरक्षण नावाजलेल्या आवाजापुरतं होतं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्याच टेनेसी राज्याने जो कायदा केला त्यात आवाजाचं संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे, मग ती प्रसिद्ध असो वा नसो. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या यंत्राने केलेल्या नकलांविरुद्ध त्यांना अंतरिम दिलासा दिला. देशोदेशीचे कायदे वेगवेगळे आहेत आणि अजून घडतायत, पण या सगळ्या प्रकरणांचा पाया एकच आहे: संमती नव्हती. चोरी झाली तर तुमच्याकडे तक्रार करायला जागा राहते. 'कायमस्वरूपी' खाली सही केलीत तर ती जागा तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करता. 'चोरतीलच, मग देऊन टाक' या बोलण्यात ही एवढी गोष्ट सुटते.

अमेरिकेतल्या व्हॉइसओव्हर कलाकार सुझन बेनेट यांचं उदाहरण तुम्हाला माहीत असावं म्हणून देते. जुलै २००५ मध्ये त्यांनी स्कॅनसॉफ्ट नावाच्या कंपनीसाठी रोज काही तास असं महिनाभर रेकॉर्डिंग केलं. वाक्यं अशीच सुटी, बरीचशी निरर्थक. ध्वनींच्या जोड्या मिळवायला रचलेली. मानधन तासांवर होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये एका सहकाऱ्याचा ईमेल आला, की नव्या आयफोनमधली सिरी म्हणजे तूच ना? अॅपलने याला कधी दुजोरा दिला नाही, पण बेनेट यांनी २०१३ मध्ये ते जाहीरपणे सांगितलं. त्यांचा आवाज असंख्य लोकांच्या खिशात पोचला आणि त्यांना मिळाले ते २००५ मधल्या तासांचे पैसे. कोणी कायदा मोडला होता असं नाही. करारात वापराचा हिशोब नव्हता, एवढंच.

कॅनडाच्या व्हॉइसओव्हर कलाकार बेव्ह स्टँडिंग यांचं मात्र वेगळं झालं. त्यांनी २०१८ मध्ये भाषांतराच्या कामासाठी म्हणून रेकॉर्डिंग केलं होतं. पुढे टिकटॉकच्या व्हिडिओंवर मजकूर वाचून दाखवणारा आवाज आपलाच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. मे २०२१ मध्ये त्यांनी दावा लावला, सप्टेंबरपर्यंत तडजोड झाली आणि टिकटॉकने तो आवाज बदलला. आपण या वापराला परवानगी दिलेलीच नव्हती, हे त्या म्हणू शकल्या. तुमच्या करारातलं कलम तुम्हाला नेमकं तेच म्हणू देणार नाही.

आता अटींकडे येते. घर भाड्याने देणं आणि घराचं खरेदीखत करून देणं यात जो फरक आहे तोच इथे आहे, आणि तुम्हाला भाडेकरार करायचाय. त्यातला पहिला मुद्दा म्हणजे वापर कुठे होणार ते नाव घेऊन लिहिलेलं असणं. कोणतं प्रॉडक्शन, कोणतं पात्र, कोणती भाषा. 'कोणतंही माध्यम' चालणार नाही. ही काही अवाजवी मागणी नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या कलाकारांचा संप ११८ दिवस चालला, त्यानंतर झालेल्या करारात डिजिटल प्रतिकृतीसाठी, म्हणजे कलाकाराच्या रूपाची किंवा आवाजाची संगणकाने केलेली नक्कल वापरण्यासाठी, त्याची स्पष्ट संमती लागते आणि संमती मागताना वापराचं पुरेसं नेमकं वर्णन द्यावं लागतं. व्हिडिओ गेमच्या कलाकारांनी जुलै २०२४ ते जुलै २०२५ असा जवळपास वर्षभराचा लढा दिला. त्यांच्या करारात तर संप चालू असताना आधी दिलेली संमती स्थगित करायचीही सोय आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या स्टुडिओंनी आणि गेम कंपन्यांनी हे मान्य केलंय, तेव्हा तुमच्या स्टुडिओला 'असं कुठे असतं का' म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा मुदतीचा आणि पैशाचा, आणि हे दोन मी मुद्दाम एकत्र घेते. मुदत एक वर्ष, फार तर दोन. पुढे हवं असेल तर नव्याने बोलणं आणि नव्याने पैसे. मानधन रेकॉर्डिंगच्या तासांवर अजिबात ठरवू नका, कारण त्या तीन तासांची किंमत तीन तास नसते. यंत्राने तुमच्या आवाजात एक एपिसोड केला तर तो तुम्ही स्वतः केला असता तेव्हा जे मिळालं असतं, त्याचा ठरावीक हिस्सा प्रत्येक एपिसोडमागे. आकडा किती ते तुम्ही आणि स्टुडिओ ठरवाल. पण हिशोब वापरावर असला पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑडिबल या ऑडिओबुकच्या कंपनीने अमेरिकेतल्या काही निवेदकांना स्वतःच्या आवाजाची प्रतिकृती करून ऑडिओबुकसाठी वापरायला द्यायचा प्रयोग सुरू केला. त्यातसुद्धा कोणत्या पुस्तकाला आवाज द्यायचा हे निवेदक ठरवतो आणि रॉयल्टीत त्याचा वाटा असतो. हा नमुना निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, पण बोलणीच्या वेळी दाखवायला उपयोगी आहे.

बाकीचं थोडक्यात. स्टुडिओ विकला गेला किंवा दुसऱ्यात विलीन झाला तर हक्क आपोआप पुढे जाणार नाही. तुमचं रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाच्या मॉडेलमध्ये मिसळलं जाणार नाही. राजकीय प्रचार, प्रौढांसाठीचा मजकूर, औषधं आणि कर्जांच्या जाहिराती यांसाठी तुमचा आवाज वापरायचा नाही. मुदत संपली की रेकॉर्डिंग आणि मॉडेल दोन्ही पुसल्याचं लेखी कळवायचं. तुमच्या पश्चात काय, हेही लिहून घ्या. विषय नकोसा वाटला तरी. आणि सही करण्यापूर्वी कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. तासाभराची फी वाचवण्यासारखं हे प्रकरण नाही.

कोऑर्डिनेटर म्हणते सगळे सही करतायत. हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. ती बिचारी तिला सांगितलेलं काम करतेय, तिच्यावर राग नाही. पण 'सगळे' म्हणजे कोण? आज संध्याकाळी तुमच्याबरोबर बूथमध्ये उभे राहणाऱ्या चार-पाच जणांना फोन करा. कदाचित त्यांच्यापैकी प्रत्येकाला हेच वाक्य ऐकवलं गेलं असेल. एकट्या माणसाला बदलणं स्टुडिओला सोपं असतं. चालू मालिकेतले नायिका, खलनायक आणि आजी एकाच दिवशी बदलायला तो धजावत नाही.

या धंद्यात तंत्रज्ञानाने माणसं उठवली असं पहिल्यांदा घडत नाही. ऑक्टोबर १९२७ मध्ये पहिला गाजलेला बोलपट आला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मूकपटांबरोबर थिएटरात वाजवणारे हजारो वादक बेकार झाले. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १९३० च्या आसपास वृत्तपत्रांत मोठमोठ्या जाहिराती दिल्या. वाद्य वाजवणाऱ्या यंत्रमानवाचं चित्र काढून प्रेक्षकांना विचारलं की तुम्हाला हे चालेल का. प्रेक्षकांना चाललं. ती लढाई वादक हरले, कारण त्यांनी यंत्र नको अशी मागणी केली होती.

तीच संघटना १ ऑगस्ट १९४२ पासून पुन्हा उभी राहिली, या वेळी वेगळी मागणी घेऊन. रेकॉर्ड खुशाल काढा, पण विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे ठरावीक रक्कम वादकांच्या निधीत जमा करा. तोवर आम्ही रेकॉर्डिंग करणार नाही. डेक्का कंपनी १९४३ मध्ये वाटाघाटींना आली, आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ लागला, पण निधी उभा राहिला आणि त्यातून वादकांना काम मिळत राहिलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या दुसऱ्या लढ्यात दिसतं.

१९६० चा दाखला मात्र मनाला लागतो. सिनेमे टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवले जाऊ लागले, तेव्हा हॉलिवूडच्या कलाकारांनी संप करून टीव्हीवरच्या वापरासाठी मोबदला मिळवला. पण तडजोडीत १९४८ ते १९६० मधल्या सिनेमांवरचा हक्क सोडावा लागला. त्या बदल्यात पेन्शन आणि आरोग्य निधीला एकरकमी पैसे मिळाले. त्या बारा वर्षांतल्या कलाकारांनी स्वतःचे सिनेमे घरोघरी चालताना पाहिले आणि त्यांच्या हाती वैयक्तिक असं काही आलं नाही. पुढे कधीतरी कायदा आणि संघटना तुमच्या बाजूने येतील. पण आज दिलेलं 'कायमस्वरूपी' त्यातून परत मिळेलच असं धरून चालू नका.

ट्रेनिंग व्हिडिओंबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, पण त्यामागची काळजी कळते. ते काम परत येईल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. माहिती सांगणारा, भाव नसलेला, वारंवार बदलावा लागणारा मजकूर यंत्राकडे सर्वांत आधी जातो. यूट्यूबने डिसेंबर २०२४ मध्ये आपोआप डबिंगची सोय वाढवली तेव्हा सुरुवात माहितीपर चॅनेलपासूनच केली. घरखर्चाचा हिशोब करताना तो रकाना आता रिकामा धरा. दुसरी बाजूही आहे. अॅमेझॉन प्राइम व्हिडिओने मार्च २०२५ मध्ये यंत्राच्या मदतीने डबिंगचा प्रयोग जाहीर केला तो बारा शीर्षकांपुरता, आणि ती अशी होती ज्यांचं डबिंग एरवी झालंच नसतं. यंत्राने केलेलं प्रत्येक मिनिट कोणा कलाकाराच्या ताटातून काढलेलं असतंच असं नाही. गेल्या दशकात तुमच्याकडे आलेलं मालिकांचं कामसुद्धा तंत्रज्ञानानेच आणलं. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केलं नसतं, तर परदेशी मालिका एकाच दिवशी इतक्या भाषांत ऐकवायची गरज कोणाला पडली असती?

आता तुमची पुतणी. तिला येऊ द्या, पण नुसता आवाज घेऊन नको. एखादा छोटा संवाद घ्या: 'मी ठीक आहे.' आई फोनवर मुलाला सांगतेय, मागे रुग्णालयाचा कॉरिडॉर दिसतोय. यंत्राला 'दुःखी' असं सांगितलं तर ते दुःखी वाक्य देईल, बरंच चांगलं देईल. पण ही बाई दुःख लपवतेय. तिला वाक्य हलकं म्हणायचंय, जरासं जास्तच हलकं, आणि 'ठीक'च्या आधी श्वास किंचित अडकवायचाय. वर पडद्यावर तिचे ओठ सुरुवातीला मिटतात, म्हणून तिथे 'म' किंवा 'ब' बसला पाहिजे. 'सगळं ठीक आहे' चालणार नाही. हा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो: संवाद बसवणाऱ्या लेखकाने, डबिंग दिग्दर्शकाने, आणि तो श्वास अडकवणाऱ्या कलाकाराने. यंत्राला हे कधीच जमणार नाही असं मी म्हणणार नाही. पण दहा टेकमधला कोणता खरा आहे हे ओळखणारा कान लागणारच, आणि जितके टेक यंत्र फुकट काढून देईल तितकी त्या कानाची गरज वाढेल. पुतणीला बूथच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे बसवा. लिपसिंकचे, म्हणजे ओठांच्या हालचालीत बसणारे, संवाद लिहायला शिकवा, दुसऱ्याचं डबिंग ऐकून चुका काढायला लावा, रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर हाताळू दे, आवाजाची मॉडेलसुद्धा वापरून पाहू दे. तुम्हीही डबिंग दिग्दर्शनाकडे वळायचा विचार करा. इतक्या वर्षांत तुमचा कान तयार झालाय.

सोमवारी कोऑर्डिनेटरला फोन करू नका, ईमेल करा. मजकूर साधा ठेवा: 'डबिंगचं काम मला करायचं आहे. सोबतच्या रेकॉर्डिंगचा उद्देश, वापर, मुदत आणि वापरानुसार मोबदला नमूद केलेला स्वतंत्र करार पाठवावा. डबिंगच्या करारातून "पुढे विकसित होणाऱ्या कोणत्याही तंत्रज्ञानाद्वारे, कायमस्वरूपी, कोणत्याही भाषेत" हा भाग काढावा आणि या रेकॉर्डिंगचा वापर आवाजाचं मॉडेल तयार करण्यासाठी होणार नाही, अशी ओळ घालावी.' बहुधा ते म्हणतील की हा कंपनीचा ठरलेला मसुदा आहे, त्यात बदल होत नाही. मग निर्मात्याशी किंवा त्यांच्या कायदेशीर विभागाशी बोलायचं आहे असं लिहा. बदल करायचा अधिकार त्यांना असतो, कोऑर्डिनेटरला नसतो. तरीही नकारच आला, तर तीन तासांचं रेकॉर्डिंग सोडा. त्यामुळे या स्टुडिओचं काम कमी होऊ शकतं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. दोन-तीन महिन्यांची सोय करून ठेवा आणि दुसऱ्या दोन स्टुडिओंकडे आजच आवाजाचे नमुने पाठवा.

ज्या सहकाऱ्यांनी सही करून टाकलीय त्यांना दोष देऊ नका. त्यांच्याही घरी खर्च आहेत. त्यांना एवढंच सांगा, की कराराची सही झालेली प्रत मागून घ्या, आणि आपल्या रेकॉर्डिंगवरून मॉडेल तयार झालंय का, असल्यास कुठे वापरलंय, हे स्टुडिओला लेखी विचारा.